कुंडलिकेवर उभी राहणारी धाकटी

माझी धाकटी बहीण पाण्यावर उभी राहते, हे मला तिच्या सासूबाईंनी फोन करून सांगितलं. मी पेणला आमच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगाच्या वाट्या धूत होते. गणपती होऊन गेलेले, त्यामुळे कारखान्यात सामसूम होती. सासूबाईंचा आवाज इतका पडलेला की मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. मग त्यांनी सांगितलं. तुझी बहीण सुट्टीच्या दिवशी नदीवर जाते, अंगासरसे कपडे घालते, एका फळीवर उभी राहून वल्हं मारते, आणि पुलावरून जाणारी माणसं गाड्या थांबवून बघतात. तू मोठी आहेस, येऊन तिला दोन शब्द सांग.

मला जरा वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. धाकटी मला भाजी कुठली केली इथपासून सगळं सांगायची, आणि हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रोह्याची एस.टी. पकडली.

धाकटीचं सासर रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला, कुंडलिका नदीच्या अगदी काठावर. नवरा रिक्षा चालवतो, ती रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत शिफ्टवर जाते. कंपनीची सहल नदीच्या वरच्या अंगाला पाण्यातल्या खेळांच्या एका केंद्रावर गेली होती. तिथे सगळ्यांना लांबट बोर्डावर उभं राहायला लावलं. साहेब पडले, साहेबांची बायको पडली, यच्चयावत सगळे पडले. धाकटी पडली नाही. तिथल्या प्रशिक्षकाने विचारलं, आधी कुठे शिकलात? ती म्हणाली, कुठेच नाय.

खरं तर शिकली होती. आमचे वडील मिठागरात कामाला होते. त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आम्ही दोघी बहिणी लहानशा होडीतून खाडी ओलांडायचो. धाकटी मागे उभी राहून चिखलात बांबू रोवायची आणि होडी ढकलायची. मी डबा मांडीवर धरून बसायचे. मी कायम बसलेलीच. तिला ते उभं राहणं इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला कुणी खेळ म्हणेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या सहलीनंतर ती सुट्टी मिळाली की केंद्रावर जायला लागली, आणि पुढे त्यांनी तिला एक जुना बोर्ड सरावाला घरी न्यायला दिला. मला का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाली, तू हसशील असं वाटलं.

त्या दिवशी सासूबाई आणि मी काठावर जाऊन उभ्या राहिलो. धाकटी पुलाखालून येताना दिसली. मी तिला समजवायला आले होते, पण खरं सांगते, नुसती बघत राहिले. पाणी संथ होतं. तिचे खांदे, कंबर, वल्हं, सगळं एका लयीत चाललं होतं. घरात ती नेहमी घाईत असते. एक हात कुकरवर, दुसरा मुलीच्या वेणीवर. इथे तिला कसली म्हणून घाई नव्हती.

काठाला लागल्यावर सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. लोक काय म्हणतात, शेजारी काय म्हणतात, सगळं. धाकटीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आई, एकदा बसून बघा. मग सोड म्हणालात तर सोडते."

मला वाटलं, आता भांडण. पण सासूबाईंनी नदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपला काढल्या. पदर खोचला. त्यावर धाकटीने नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं, त्याचे पट्टे करकचून आवळले. सासूबाई बोर्डाच्या पुढच्या अंगाला मांडी घालून बसल्या आणि दोन्ही कडा अशा घट्ट धरल्या की बोटं पांढरी पडली. धाकटी मागे उभी राहिली आणि निघाली.

मी काठावरून बघत होते. नदीच्या मध्यावर गेल्यावर धाकटीने वल्हवणं थांबवलं. सासूबाईंनी आधी एक हात सोडला, मग दुसरा. मान वळवून त्यांनी रोह्याकडचा काठ बघितला, मग अष्टमीकडचा, मग वर पुलाकडे. लग्न होऊन आल्यापासून त्या नदीकाठी राहत होत्या. धुणी धुतली होती, पूर बघितले होते, पण नदीच्या मध्ये कधी गेल्या नव्हत्या. बराच वेळ त्या दोघी तिथेच थांबल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही.

परत आल्यावर सासूबाईंनी चपला हातात घेतल्या आणि घर गाठलं. रात्रीच्या कालवणाला कांदा चिरायला बसल्या, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नदीतून आपलं घर केवढं दिसतं गो. मागची भिंत रंगवायला झालीय."

त्यानंतर मला सासूबाईंचा पुन्हा तसा फोन आला नाही. आले ते वेगळे. खांदे दुखले तर कुठलं तेल लावू? नाचणीची आंबील सकाळी द्यायची की दुपारी? मी एकदा बोलताना 'फळी' म्हटलं तर मला दुरुस्त केलं, फळी नाय, बोर्ड म्हणायचं.

नदीवर धाकटी पटकन पुढे गेली. समुद्राने मात्र तिचा चांगलाच घाम काढला. स्पर्धा समुद्रात होतात, आणि लाट नदीत, खाडीत कुठे असते? मुरूडच्या बाजूला सरावाला जायची तेव्हा पडून पडून गुडघे सोलून यायची. एकदा पेणला माझ्याकडे आली आणि हातपाय न धुता पंख्याखाली आडवी झाली. हे आपल्या बसचं नाही, म्हणाली. मी काही समजूत घातली नाही. मला त्यातलं काय कळतं? वालाची उसळ आणि भाकरी वाढली. जेवली, झोपली, उठली आणि मुरूडला परत गेली. अशी दोन वर्षं गेली. आधी राज्याची स्पर्धा, मग देशाची. आणि एका दुपारी कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला की आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेच्या संघात तिचं नाव आहे. तिच्यामागून कंपनीतल्या बायकांचा एवढा गलका ऐकू येत होता की मला तिसऱ्या वेळेस नीट कळलं.

आता प्रश्न बोर्डाचा. केंद्राने तिला चांगला, लांब शर्यतीचा बोर्ड दिला होता, पण आधीच्या एका विमानप्रवासात संघातल्या एका मुलीच्या बोर्डाचं टोक फुटलं होतं, आणि धाकटीला त्या काळजीने झोप येत नव्हती. माझा नवरा म्हणाला, त्यात काय, आण इकडे. आमच्या मूर्ती दरवर्षी विमानाने, बोटीने जातात. सोंडेला धक्का लागत नाही, तर हे काय. टेम्पोतून बोर्ड पेणला आला. कारखान्यातल्या लांब टेबलावर आम्ही तो ठेवला आणि सगळे कारागीर भोवती जमले. कडांना फोम, टोकाला थर्माकोल कापून केलेली टोपी, वरून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गोणपाट. पेंढा घालायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी सवयीने कुणीतरी आमचा नेहमीचा कागद त्यावर चिकटवून टाकला. वर गणपतीचं चित्र, खाली मराठीत आणि इंग्रजीत 'श्रींची मूर्ती, जपून हाताळा'.

तो कागद काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. परदेशातल्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते चौदा फुटांचं बोचकं बघितलं, चित्र बघितलं आणि देव एवढा लांब कसा, असं विचारलं. उघडून दाखवावं लागलं. धाकटीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की देव घरी आहे, बहिणीकडे. अधिकारी हसला आणि स्वतःच्या हाताने गोणपाट परत गुंडाळून दिलं. बोर्डाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी सासूबाईंनी मला अष्टमीला बोलावून घेतलं. एकटीने बघवणार नाही, म्हणाल्या. दुपारची वेळ होती. मेहुण्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला होता. चित्र मध्येच अडकायचं, तेव्हा ते उठून राउटरला हात लावायचे, जसा काही ताप बघतायत. धाकटीची मुलगी आजीच्या मांडीला टेकून बसली होती.

रिले होती. चौघांचा संघ. दोघं बोर्डावर पालथं झोपून हातांनी पाणी मारत जाणार, दोघं उभं राहून वल्ह्याने. समुद्रात तरंगत ठेवलेल्या मोठ्या पिवळ्या फुग्याला वळसा घालून परत यायचं, वाळूतून धावत जाऊन पुढच्याच्या हाताला हात लावायचा, मग तो निघणार. धाकटी तिसरी होती. तिच्या हाताला हात लागला तेव्हा आपला संघ सगळ्यात मागे होता, आणि तेही चांगलंच मागे.

पांढऱ्या टोपीतली एक मुलगी तिच्या पुढे होती. फुग्यापर्यंत अंतर तेवढंच राहिलं. वळणावर बाजूने लाट आली. पांढऱ्या टोपीवालीने सावरायला गुडघे टेकले. धाकटीने एक पाय मागे घेतला, बोर्डाचं टोक पाण्याबाहेर उचललं आणि जागच्या जागी वळली. हेच वळण ती कुंडलिकेत, घरामागे, तासन्‌तास करायची. नेमकं त्या वेळी चित्र अडकलं.

मेहुणे राउटरकडे धावले. चित्र सुरू झालं तेव्हा धाकटी पुढे होती. लाट तिला काठाकडे घेऊन येत होती आणि ती गुडघ्यात वाकून त्या लाटेवर उभी होती. काठाजवळ पडलीच. वल्हं हातात धरून उठली, वाळूत दोनदा अडखळली, आणि चौथ्याच्या हाताला हात लावून तिथेच बसली. चौथ्याने पुढचा संघ गाठला नाही, पण मागचाही येऊ दिला नाही. शर्यत तशीच संपली.

आम्ही जे काही केलं त्याला नाचणं म्हणता येणार नाही, पण शेजारच्या बायका दारात आल्या एवढं खरं. सासूबाई मात्र टीव्हीकडे बघत राहिल्या. मी जवळ बसले तर हळूच विचारलं, "ती टोपीवाली पोर. तिला घरी कोण काय बोलणार नाय ना?"

मी सांगितलं, नाय मावशी, तिच्या घरचेही असेच बघत असतील. तेव्हा कुठे त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. केस मिठाने ताठ झालेले, नाक उन्हाने सोललेलं. कोण जिंकलं, किती गुण मिळाले, काही सांगितलं नाही. म्हणाली, "ताय, आमी शेवटचं नाय गो." आणि हसायला लागली ती थांबेना. मागून तिच्या संघातली पोरं पोरी डोकावत होती. सासूबाईंनी त्या सगळ्यांना फोनवरच आमंत्रण देऊन टाकलं.

आणि ती पोरं खरंच आली. परतल्यावर चार दिवसांनी रिलेतले तिघंही रोह्याला उतरले. दुपारी त्यांनी पुलाखाली बोर्ड उतरवले आणि चौघं ओळीने नदीत फिरले. पुलावर इतके लोक थांबले की वाहतूक सोडवायला पोलिसाला यावं लागलं, आणि मग पोलिसही कठड्याला टेकून बघत राहिला. दिवस कलताना आम्ही सगळे जवळच वरश्याला नातेवाइकांच्या शेतात पोपटीला गेलो. वालाच्या शेंगा कोवळ्या भरल्या होत्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी, वर परत पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका मुलीला मराठी येत नव्हतं, सासूबाईंना तेवढंच येत होतं. तरी दोघींचं तासभर चाललं होतं. मध्येच ती मुलगी हाताने लाट दाखवायची, मध्येच सासूबाई.

मडकं फोडलं तेव्हा वाफेने सगळ्यांचे चेहरे लाल झाले. बोटं भाजत होती, तरी कुणी थांबायला तयार नव्हतं. मी शेंगा सोलून धाकटीला द्यायला गेले, तर ती गवताच्या भाऱ्याला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड जरासं उघडं, हातात अर्धं अंडं. मी तिला हलवणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"झोपू दे गो तिला," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळची शिफ्ट हाय."

त्यांनी तिच्या हातातलं अंडं काढून घेतलं, पदराने तिचा हात पुसला आणि परत त्या मुलीशी बोलायला वळल्या.