उकंडराव मिस्त्रींचा खिसा

जानेफळात डिझेल इंजिन बिघडलं की माणसं आधी उकंडरावांकडे यायची, आणि त्यांच्याकडून नाही झालं तरच देवाकडे जायची. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं होतं, म्हणजे यमालासुद्धा किळस यावी. यम काही फिरकला नाही, पण उकंडा म्हणजे उकिरडा, ते नाव मात्र जन्माचं चिकटलं. उकंडरावांना त्याचं काही वाटत नसे. आपल्याला उकिरड्यानं वाचवलं आणि ग्रीसनं पोसलं, असं ते म्हणायचे.

साठी ओलांडल्यावर मात्र त्यांच्या मागे एक नवीच पीडा लागली. विसरायला होऊ लागलं. चष्मा, किल्ली हे सगळेच विसरतात. पण एकदा एका शेतावरच्या इंजिनात तेल ओतून झाकण बांधावरच राहिलं, आणि तापलेलं तेल शेतकऱ्याच्या हातावर उडालं. तो बिचारा उकंडरावांना काहीच बोलला नाही, उलट चहा पाजला. चहा तसाच ठेवून ते निघाले. घरी येऊन त्यांनी फक्त बायकोला, सत्यभामाबाईंना सांगितलं, आणि त्यावर स्वतःच एक उपाय काढला. उघडलेली वस्तू, मग तो नट असो की झाकण, सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायची. खिसा रिकामा झाल्याशिवाय घरी परतायचं नाही. आपलं डोकं दगा देईल, खिसा देणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आणि तो बरेच दिवस बरोबर ठरला.

पुढे वांगी-टमाट्याचा मळा असलेल्या अविनाशला धरणावर बोटिंग काढायची हौस आली. त्याने कुठून तरी जुनी मोटारबोट आणली आणि दुरुस्तीला उकंडरावांना धरलं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी आपल्या शेतातल्या सवयीप्रमाणे इंजिन काठावर कोरड्यातच सुरू केलं. शेतातलं इंजिन पाणी ओढून पिकाला देतं. हे बोटीचं इंजिन आधी स्वतः पाणी पितं आणि मग चालतं, हे त्यांना कोण सांगणार. आतला पाणी ओढणारा रबरी पंखा जळून गेला. अविनाश हसला, उकंडराव ओशाळले, पण त्यानंतर त्यांनी त्या बोटीची नस न् नस ओळखून घेतली. चिरा बुजवल्या, प्लग साफ केले, पात्याला अडकलेलं शेवाळ दर आठवड्याला काढलं. पोहता मात्र त्यांना अजिबात येत नव्हतं. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ते सगळं करायचे.

त्या वर्षी दसऱ्याला मुलगी अर्पिता आपल्या लहानग्या आरोहीला घेऊन माहेरी आली होती. खंडेनवमीच्या दिवशी बोट काठावर ओढून धुतली. बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी बुडाशी, आतलं साचलेलं पाणी काढायला एक भोक असतं आणि त्याला पितळी बूच असतं. उकंडरावांनी बूच काढून नेमाप्रमाणे खिशात टाकलं. पाणी निथळायला वेळ लागत होता, तेवढ्यात घरून पूजेचं बोलावणं आलं. बोट उद्याच पाण्यात घालायची आहे, बूच सकाळी लावू, असं म्हणून ते खिसा तसाच भरलेला घेऊन निघाले.

घरी सत्यभामाबाईंनी पोत्यावर हत्यारं मांडली होती. पाने, हातोडी, विळा, कुऱ्हाड. घरातलं सगळं लोखंड-पितळ नवमीला पूजेत बसतं आणि दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय कोणी उचलत नाही, ही त्या घरातली जुनी रीत. उकंडरावांनी अंगावरचंही सगळं काढून ठेवलं, खिशातला पेचकस ठेवला, त्याबरोबर बूचही ठेवलं. हळद-कुंकू पडलं, झेंडूची फुलं पडली. बूच फुलांखाली गेलं, आणि उकंडरावांच्या डोक्यातूनही.

दसऱ्याला सकाळीच अविनाशचा फोन आला. गिऱ्हाईक उभं आहे, बोट लोटू का? उकंडरावांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. खिसा रिकामा म्हणजे काम पुरं. त्यांनी बेधडक सांगितलं, लोट, मी पूजा उचलून येतो. वर आरोहीने हट्ट धरला तर अर्पितालाही म्हणाले, "जाय ना तिले घेऊन. माह्या हातची बोट हाय, बिनघोर बस."

माय-लेकी गेल्या. पूजा झाली. सत्यभामाबाई एकेक हत्यार पुसून नवऱ्याच्या हातात देत होत्या. फुलांखालून कुंकवाने माखलेलं बूच निघालं तसं त्यांनी विचारलं, "हे काह्याचं हाय हो?"

उकंडरावांनी ते बाईंच्या हातातून हिसकून घेतलं. धावत जाऊन त्यांनी मोटारसायकलला किक मारली. बूच मुठीत होतं. वाटेत थांबून थांबून अविनाशला फोन लावत राहिले, पण इंजिनाच्या आवाजात तो काय ऐकणार? धरणावर पोचले तेव्हा बोट काठापासून बरीच आत होती आणि फोटो काढायला थांबलेली होती. हीच तर भीती होती. बोट वेगात असते तोवर त्या भोकातून पाणी फारसं आत येत नाही. थांबली की खालून भरायला लागते, आणि फळ्यांखाली भरतं म्हणून बसलेल्याला कळतही नाही. मागची बाजू जड झालेली त्यांना काठावरून दिसली. आरोहीच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे नव्हतं; मोठ्या माणसाचं घातलेलं, ते तिच्या कानाशी आलेलं दिसत होतं.

फोन लागला. काठावरची माणसं बोटीला जागीच थांबायला सांगत होती, दुसरी बोट आणायच्या गोष्टी करत होती. उकंडराव तेवढे फोनवर वेगळं बोलले.

"अविनाश, इंजिन बंद करू नको. जेवढी पयते तेवढी पयव. वळू नको, सरळ काठावर घाल. माह्या अंगावर घाल."

अविनाशने का म्हणून विचारलं नाही. बोट उचलली, उकंडरावांच्या रोखाने आली आणि चिखल-गोट्यांवर चढून घासत थांबली. पातं तुटलं, बूड चिरलं, मागून धो धो पाणी वाहू लागलं. माणसं सगळी शाबूत होती. अर्पिताने लेकीला छातीशी असं धरलं होतं की ती पोर रडायला मोकळी होईना.

अविनाश खाली उतरला आणि उकंडरावांच्या पायाशी वाकला. "काका, तुमच्यानं वाचलो."

जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. उकंडरावांना तिथेच गप्प बसता आलं असतं. जुनी बोट होती, कोणाला काय कळणार होतं? त्यांनी मूठ उघडली. घामाने कुंकू ओघळून तळहात लाल झाला होता.

"मीच बुडवली व्हती बाप्पा," ते म्हणाले. "बूच घरी पूजेत ठेवलं मी."

अविनाशने बोट तशीच काठावर ठेवली आणि दुरुस्तीला या असं काही म्हणाला नाही. अर्पिताही वडिलांना उणा शब्द बोलली नाही. माहेरपण नेहमीसारखं चालू राहिलं. उकंडरावांना वाटलं, निभावलं.

ती सासरी जायच्या दिवशी सकाळी गॅसची टाकी संपली. उकंडरावांनी भरलेली टाकी आणून रेग्युलेटर बसवला आणि बाहेर गेले. चष्मा राहिला म्हणून परत आले, तर दारातून दिसलं. अर्पिताने रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला होता, आणि आता वाकून वास घेत होती. लहानपणी बापाने नट आवळलेल्या सायकलवर हात सोडून उतार उतरणारी पोर होती ती.

बापाला पाहून ती गोरीमोरी झाली. काहीतरी सांगू लागली. उकंडरावांनी तिला थांबवलं.

"पाह्य माय. आतापासून मी काही केलं का मांगून पाह्यतच जाय."

सवयीने त्यांचा हात डाव्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "झालं का गं काम?"

"झालं बाबा," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने रेग्युलेटर पुन्हा एकदा दाबून पाहिला.