अण्णांनी राखून ठेवलेले टायर

वडिलांच्या अस्थी घेऊन जाताना टायर फुटला तर आधी रडावं की जॅक शोधावा, याची आमच्या घरात काही पद्धत नव्हती. ती मला पाडावी लागली.

अण्णा गेले तेव्हा आईने एकच मागितलं. "त्यायला त्यायच्याच गाडीत गोदावरीला न्यायचं." गाडीचे पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते. पण माळ्यावर पोत्यात गुंडाळलेले दोन कोरे टायर होते. अण्णांनी चांगल्या कामासाठी राखलेले. (आमच्याकडे चांगले कप, चांगली चादर आणि चांगले टायर वापरायचे नसतात.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफीकभाईंचं टायरचं दुकान आहे. त्यांनी कडेचा नंबर पाहिला आणि पाना खाली ठेवला.

"हे नका घालू सर. लई जुने हायेत."

मी लातुरात क्लासमध्ये गणित शिकवतो. आकड्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं खपत नाही! मी वाकून वाचलं, ३२८.

"बत्तिसावा आठवडा, साल आठ. म्हणजे दोन हजार अठरा."

"अठराचा असता तर चार आकडे राहिले असते. तीन आकडे म्हंजी दोन हजारच्या अगोदरचा माल."

"अहो, नक्षी बघा. जराही झिजली नाही."

"माळ्यावर पडून नक्षी झिजत न्हाई सर. रबर सुकतं."

अण्णांना विचारायची सोय राहिली नव्हती. मी टायर बसवायलाच लावले. रफीकभाईंनी पाना उचलला, म्हणजे त्यांना पटलं असं मी धरून चाललो. निघाल्यावर वाटेत हा नंबराचा किस्सा मी आईला हसत सांगितला.

अहमदपूर सोडलं आणि पुढचा डावा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून बाभळीत घुसली. शेजारी बसलेल्या आईने कलश दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, स्वतःला सावरायला तिने एकही हात मोकळा ठेवला नाही. कलशाला पोचासुद्धा आला नाही. आईचं मनगट मोडलं. मला साधं खरचटलंही नाही, याची मला अजून लाज वाटते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटचं वय?"

"बहात्तर," मी म्हणालो.

आई कण्हत म्हणाली, "त्याचं लिहू नका डॉक्टर. त्याला सालातलं कळत न्हाई."

अण्णांची गाडी बाभळीतच राहिली. आम्ही भाड्याच्या जीपने गोदावरीकाठी विष्णुपुरीला पोचलो. आईने वाटेत दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने कलश एका हाताने वाकवायला घेतला, पण तो पेलेना. मी पुढे झालो.

"खालून धर," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, "नीट धर. ह्याच्यावर नंबर न्हाई, तुला जमंल."

तेवढं मात्र जमलं.