दगडफूल आणि गाळलेली ओळ

"अक्का गेली. सकाळी चहाला उठलीच नाही..." वत्सलाअक्कांचे धाकटे भाऊ फोनवर सांगत होते आणि व्हाइटफील्डच्या ऑफिसात लिफ्टपाशी उभी राहून मी नुसतं "हो, हो" म्हणत होते. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हा रडू आलं नाही. त्यांच्याशी खरं बोलायचं राहूनच गेलं, एवढंच मनात आलं.

पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले तेव्हा बसवनगुडीत अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न केलं नाही, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत जाऊन दगडफुलावर काम करत राहिल्या. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल आणि त्याची असंख्य भावंडं. "झाड नव्हे गं हे. बुरशी आणि शेवाळाचा संसार आहे. एक घर देते, दुसरं जेवायला घालतं," त्या सांगायच्या. उघड्या खडकावर टिकून राहायला हा संसार स्वतःची कडू द्रव्यं तयार करतो. त्यातलं काही माणसाच्या आजारावर चालेल का, हा अक्कांचा ध्यास होता. एकदा त्यांनी मला काचेची बशी दाखवली. जंतूंच्या पांढुरक्या सायीत अर्काच्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. "बघ की, कसे मागं सरकलेत!" सत्तरीच्या अक्का शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या.

पुढे एका द्रव्यानं कर्करोगाच्या पेशींची वाढही मंदावलेली त्यांना दिसली, तीही बशीतच. मी मागेच लागले म्हणून त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी चार ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ अशी होती : 'हे फक्त काचेतलं आहे, अशी द्रव्यं यकृत बिघडवूही शकतात, म्हणून कुणीही औषध समजून घेऊ नये.' मला वाटलं, या ओळीनं सगळ्यावर पाणी पडतंय. मी ती गाळली, वर 'आपल्या मसाल्याच्या डब्यात कर्करोगावर उपाय?' असा मथळा घातला आणि अक्कांच्या नावानं पाठवून दिलं. दिवसभर अंगठे आणि जोडलेले हात येत राहिले. मला कोण आनंद झाला होता!

चिकपेटेत ब्लाउज शिवणारे रामूअण्णा त्या ग्रुपवर होते. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. त्यांच्या पत्नी शांताक्का स्तनाच्या कर्करोगानं आणि त्याहून जास्त केमोथेरपीनं बेजार झाल्या होत्या. चार महिन्यांनी रामूअण्णा फुलांची परडी घेऊन अक्कांचे आभार मानायला आले. "दगडफुलाचा काढा स्वल्प कडू लागतो म्हणते, पण दोन वेळा घेते. हॉस्पिटल बंदच केलं आम्ही."

अक्का तशाच उठल्या आणि त्यांना घेऊन रिक्षात बसल्या. त्याच दुपारी शांताक्कांना हॉस्पिटलात नेलं. आजार तोवर पसरला होता. पाच-सहा आठवड्यांत त्या गेल्या. उपचार चालू असते तर वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही...

शांताक्कांना हॉस्पिटलात नेलं त्या संध्याकाळी अक्कांनी माझ्या फोनवर तो मजकूर दोनदा वाचला होता. "शेवटची ओळ कुठाय गं?"

"चुकून राहिली," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "सरी, ठीक आहे," म्हणून आत गेल्या. थोड्या वेळानं ग्रुपवर त्यांचा संदेश आला : 'मी अर्धवट लिहिलं. चूक माझी आहे. कृपया दगडफुलाचा काढा कुणी घेऊ नका.' वरच्या खोलीत बसून मी तो वाचला आणि गप्प राहिले. दोन महिन्यांत घरही बदललं. ऑफिस जवळ पडतं, असं सांगितलं.

अक्कांच्या तेराव्याला रामूअण्णा आले होते. "रविवार आता फार मोठा वाटतो," एवढंच बोलले. मला कळेना, म्हणून पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. शिलाई मशीनशेजारी वेताची खुर्ची होती. "इथं बसायच्या. शांता गेल्यापासून एक रविवार चुकवला नाही. माझी नजर अधू झालीय ना, तर आठवडाभर पुरतील एवढ्या सुया ओवून ठेवायच्या."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गाळलेली ओळ, मथळा, 'चुकून राहिली' हे खोटं... ते मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्यांनी कधी सांगितलं नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "ती ओळ असती तर मी शांताला वाचून दाखवली असती."

मी सुयांच्या उशीकडे हात नेला; निदान दोन-चार सुया ओवून द्याव्यात. अण्णांनी उशी उचलून आपल्या मांडीवर घेतली. अक्कांनी ओवलेल्या तीन सुया तिच्यात अजून टोचलेल्या होत्या. पांढरा, काळा आणि मोरपंखी दोरा.