यूसुफच्या गळाची काठी

आमची पोस्ट दहा हजार फुटांवर, एका नाल्याच्या काठाला होती. नाला म्हणायचा, पण पात्र चाळीस मीटर. सकाळी पाणी मांडीइतकं. दुपारी वरचं बर्फ वितळलं की छातीच्या वर. पोस्टवर आम्ही चौदा जण. मी तेव्हा नाईक, गाव पाटण तालुक्यातलं. माझा बडी, म्हणजे जोडीदार, नाईक यूसुफ, मिरजेचा. त्याच्या घरात तंबोरे करतात.

पंधरा ऑगस्टला शाळावाले मला खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, हवालदारसाहेब, पोरांना शौर्याची गोष्ट सांगा. मी यूसुफची सांगतो. टाळ्या पडतात. प्रत्येक टाळीला माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण मी अर्धीच सांगतो. यूसुफच्या बापालाही मी नऊ वर्षं अर्धीच सांगितली होती. आता पुरी सांगतो.

नोव्हेंबरात यूसुफनं विलोची एक सरळ फांदी तोडून आणली. तेच लाकूड, ज्याच्या क्रिकेटच्या बॅटी करतात. त्याला गळाची काठी करायची होती. साल काढली, शेंड्याला दगड बांधला आणि स्टोअरच्या छताला फांदी टांगली. सावलीत, वाऱ्याला. मी विचारलं, "किती दिवस?"

"एप्रिलपत्तूर."

"पाच महिने? एका काठीला?"

"आमच्यात लाकूड वर्षं-वर्षं टांगतात गड्या. वरनं वाळलं म्हंजे आतनं वाळलं, असं नसतंय."

मला मार्चात सुट्टी होती. जायच्या आधी त्या नाल्यातला मासा खायचा होता. एवढंच कारण, दुसरं काही नाही. मी रोज डोकं खायचो. यूसुफ हसायचा, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

जानेवारीत त्याला रेशन पार्टीबरोबर आठ दिवस खाली बेसला पाठवलं. मी फांदी काढली आणि बंकरमधल्या बुखारीजवळ, म्हणजे रॉकेलच्या शेगडीजवळ, तीन रात्री उभी केली. तो यायच्या आदल्या दिवशी परत टांगली. त्यानं आल्या आल्या नखानं टकटक केली, कान लावला.

"लवकर वाळली रं."

"वारं कोरडं हाय हितलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बडीवर विश्वास ठेवायचा असतो, हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात. पुढचे पंधरा दिवस तो बसला. काचेच्या तुकड्यानं खरवडून शेंडा बारीक केला. तारेच्या कड्या वळवल्या, दोऱ्यानं घट्ट बांधल्या, वर तेल पाजलं. सुट्टीवरनं आणलेलं रीळ बसवलं. काठी देखणी झाली. मार्चात मी मासा खाल्ला. चव लय भारी होती. आज आठवलं की तोंडात कडू येतं.

जुलैत आमची पाच जणांची गस्त नाल्यापलीकडे गेली होती. १३३० वाजता परत आली तेव्हा ओंडक्यांचा पूल वाहून गेलेला. त्यांच्या मागं सरळ कडा, पुढं पाणी, मधे खोलीएवढी खडीची जागा. एकाचा पाय मोडलेला, तो स्ट्रेचरवर. वायरलेस सेटवर आवाज आला.

"पाणी वाढतंय. आमच्या बुटापर्यंत आलंय. ओव्हर."

"वेट. रस्सा पाठवतोय. ओव्हर."

हातानं रस्सा टाकून पाहिला. निम्म्यातच पडला. सुभेदारसाहेब म्हणाले, "यूसुफ, तुझी काठी आण."

डोकं बरोबर चाललं होतं त्यांचं. काठीनं बारीक नायलॉन पलीकडे टाकायचं, त्यामागनं दोरी, दोरीमागनं रस्सा. यूसुफ रोज तिथंच गळ टाकायचा. चाळीस मीटर म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण शिशाचं वजन मोठं होतं आणि समोरनं वारा होता. पहिला थ्रो दोन मीटर कमी पडला. दुसऱ्याला त्यानं सगळा जोर लावला. काठी मधनं मोडली.

वजन पाण्यात गेलं. यूसुफनं मोडलेलं टोक डोळ्यांजवळ नेलं. आत लाकूड उभं तडकून ठिसूळ झालं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"शेलार, बुखारीजवळ ठिवली व्हतीस?"

"व्हय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं बूट काढले, रस्सा कमरेला बांधला आणि दोनशे मीटर वरच्या अंगाला जाऊन पाण्यात उतरला. मी म्हणालो, मी जातो. साहेब ओरडले, "तुला पोहता येतं का?" येत नव्हतं. कोयनेच्या काठावरचा माणूस, आणि पोहता येत नव्हतं.

१४३८ ला तो पलीकडे लागला. रस्सा खडकाला बांधला. आधी स्ट्रेचर आलं, मग चौघं. शेवटच्यानं खडकाचा रस्सा सोडून कमरेला बांधायचा आणि आम्ही ओढायचं. शेवटचा तोच. तो मधे असताना वरनं ओंडका आला. १५२० वाजले होते. आम्ही ओढला तेव्हा रस्सा हलका आला.

दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली तो सापडला. लोक म्हणाले, नशीब. नशीब म्हणणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो मला. नशीब तीन रात्री बुखारी पेटवून बसत नाही.

इन्क्वायरीत मी लिहून दिलं, 'काठी तुटली.' खोटं नव्हतं. मिरजेला गेलो तेव्हा त्याच्या बापालाही तेच सांगितलं. तंबोऱ्याचा भोपळा घासत होते. हात थांबला.

"काठी कुणी केली व्हती?"

"यूसुफनं, चाचा."

त्यांनी परत घासायला घेतलं. नंतर दर वर्षी जायचो. कारखान्यात कुणी यूसुफचं नाव काढलं की म्हातारा म्हणायचा, "शूर व्हता. पण हाताचा कच्चा. लाकडाला घाई केली त्यानं." गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, यूसुफच्या धाकट्या भावासमोर म्हणायचा. मी चहा पिऊन परत यायचो. नऊ वर्षं हा चहा गिळला मी.

यंदा गेलो तर चाचा थकलेले दिसले. डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय. परत तेच म्हणाले, हाताचा कच्चा. मी कप खाली ठेवला.

"चाचा, घाई त्यानं केली न्हाई. मी केली. तो खाली गेला व्हता तवा बुखारीवर वाळवली मी."

आतल्या बाजूला धाकट्याचा रंधा थांबला.

"त्याला कळलं व्हतं?"

"व्हय. पाण्यात उतरायच्या आधी."

"आनि तरी गेला."

"व्हय."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, हातातली पटाशी मारतोय. मारली असती तर हललो नसतो.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "नऊ वर्सं मी मेलेल्या पोराला बोल लावला. त्याच्या माघारी, समद्यांच्या म्होरं. तू हितं बसून ऐकलंस. आन् च्या प्यालास." मग धाकट्याला हाक मारली. "इकडं ये. ह्यो काय सांगतोय, नीट ऐक. आन् तू, परत सांग. मोठ्यानं सांग."

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबली, त्यांनाही ऐकू गेलं. नाईक यूसुफ, मिरजेचा. पाच जणांना अलीकडे आणलं. हाताचा पक्का होता.