पेठ्यांची घरगाडी आणि शेणव्याचं खळं

डोंबिवलीहून निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "किती दिवस?" हे म्हणाले, "बघू." सरकारी नोकरीत 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लग्नापासून ठाऊक आहे. आनंदाने उच्चारलेलं 'बघू' मात्र यांच्या तोंडून मी त्या सकाळी पहिल्यांदाच ऐकलं.

यांनी पाटबंधारे खात्यात जीप चालवली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे, म्हणून कल्याणच्या पेठ्यांच्या गॅरेजात जाऊन बसायचे. पेठ्यांनी एका जुन्या मिनीबसमधली बाकडी काढून तिचं घर केलं होतं. दोन बिछाने, गॅसची शेगडी, छतावर पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावून खुर्चीचं संडास. भारत फिरायचा त्यांचा बेत होता, पण पेठेवहिनींना गाडी लागायची. भिवंडीच्या पुढे त्या कधी गेल्याच नाहीत. म्हणून ते ती भाड्याने द्यायचे, आणि कुणी विचारलंच तर विकायचीही तयारी होती. यांनी विचारलं. "आधी वापरून बघा," पेठे म्हणाले.

ही गाडी माझ्यासाठी होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगून टाकते. गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर झोपेत लघवीवर माझा ताबा राहिला नाही. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, काढे झाले. तेव्हापासून मी कुणाच्या घरी झोपले नाही. मीना, आमची एकुलती एक लेक, नाशिकला असते. तिच्याकडे मी सकाळी जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. नात पहिलीत गेली, पण तिच्या घरी माझी एक रात्र झाली नव्हती. मीनाला काय सांगायचं? पाणी मानवत नाही, यांच्या जेवणाचे हाल होतात, असली कारणं मी द्यायची. जावई बिचारे समजून चालले होते की सासूबाईंना आपलं घर पसंत नाही. खरं काय ते फक्त यांना ठाऊक होतं, आणि त्यातून यांनी शोधलेला उपाय म्हणजे पेठ्यांची घरगाडी. आपलं अंथरूण, आपली बादली, कुणाला तोंड द्यायला नको.

शहापूरला भाजी घ्यायला थांबलो तर गाडीभोवती बायका जमल्या. एकीने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "डोळे तपासायची गाडी हाय का?" मी म्हटलं, नाही, आमची राहायची आहे. "घर नाय तुमाला?" तिने फार कळवळून विचारलं. हे आतून खो खो हसत सुटले. मी मात्र तिला घर असल्याचं पटवत बसले, आणि तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तानशाला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावू देणार नाहीत हे यांना नोकरीपासून माहीत, तरी यांनी विचारून पाहिलं. पहारेकरी भला माणूस. "साहेब, इथं नको. पुढं चहाची टपरी हाय, तिथं लावा, कोन काय बोलनार नाय," असं म्हणून तो दोन पावलं बरोबर चालत आला. टपरीमागून तलावाचं पाणी दिसत होतं. मुंबईकर जे पाणी नळाखाली बादली लावून भरतात ते इथे असं निवांत पसरलेलं पाहून मला उगाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. पिठलं-भात केला. शेगडी बिछान्याला इतकी चिकटून होती की उशीला फोडणीचा वास लागला, आणि टाकीच्या नळातून ठिबकणारं पाणी यांच्या चपलेत साठलं.

पण मला शांत झोप लागली. सकाळी जे व्हायचं ते झालं होतं, तरी मी बादलीत चादर भिजवली, पाण्याकडे तोंड करून चहा प्यायले आणि यांना म्हटलं, "घ्यायचीच गाडी." यांनी बशी खाली ठेवली. इतका खूश माणूस मी मीनाच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. मग दिवसभर आमचे बेत चालले होते. गणपतीपुळे, कोल्हापूर, जमलं तर थेट हंपी. नाशिकलाही जायचं ठरलं: गाडी मीनाच्या इमारतीखाली लावायची, दिवसभर वर बसायचं आणि झोपायला खाली यायचं. मला ते तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं.

शेणवं सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. भात कापून झालेलं, शेतं मोकळी, बांधाबांधावर भाऱ्यांच्या उडव्या (रचलेल्या राशी). रस्त्यालगत यांना एक मोकळी जागा दिसली. सपाट, झाडून लख्ख केलेली, खडा नाही की काटकी नाही. "कबड्डीचं मैदान आहे," हे म्हणाले, "डिसेंबरात गावोगाव सामने असतात." आणि झोकात गाडी मधोमध नेऊन उभी केली.

सकाळी बाहेर बोलण्याचा आवाज आला. मी दार उघडून खाली उतरले तर समोर एक म्हातारी, कासोटा घातलेली, कपाळावर हात धरून गाडीकडे बघत उभी. तिने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"चपला काढ बाय," ती म्हणाली. "खळं हाय ते."

मी जागच्या जागी चपला काढल्या आणि मग खाली पाहिलं. भात झोडायचं खळं. भिजवून, बडवून, शेणाने सारवून आदल्याच दिवशी तयार केलेलं, अजून नीट वाळलंही नव्हतं. आमच्या चाकांनी त्यात बोटभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्या माणसांनी जिथे पायताण घालून पाऊल टाकलं नसतं, तिथे आम्ही रात्रभर संडासासकट मुक्काम केला होता.

म्हातारीचा मुलगा गजानन मागून आला. तो चाकोऱ्यांकडे नुसता बघत राहिला. हे धावत खाली आले, अनवाणी, बनियनवर. "मैदान वाटलं हो," ते म्हणाले. "कबड्डीचं."

"आज झोडनी धरनार होतो," गजानन म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता.

"आता काय करावं लागेल?"

"काय करायचं? परत बडवायचं नि परत सारवायचं."

"मग आम्हीपण करतो," हे म्हणाले. गजाननने यांच्या पोटाकडे पाहिलं आणि हातातलं चोपणं (जमीन बडवायची चपटी फळी) यांना दिलं.

गाडी मागे घेताना आणखी दोन चाकोऱ्या पडल्या, त्या धरून सगळं दुरुस्त केलं. हे आणि गजानन बडवत होते, गजाननची बायको पाणी शिंपत होती, आणि म्हातारीच्या शेजारी बसून मी सारवत होते. लहानपणी सारवलं होतं, नंतर फरशीच पुसत आले. पहिले चार हात वेडेवाकडे गेले, मग जमलं. म्हातारी मध्येच माझ्या हाताकडे बघायची आणि मी सारवलेल्या कोपऱ्यावरून पुन्हा एकदा हात फिरवून घ्यायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा खळं पुन्हा ओलं, हिरवट आणि सपाट झालं होतं, आणि यांना पाठ सरळ करता येत नव्हती. गजाननचा राग बडवता बडवता कधी उतरला ते त्यालाही कळलं नसावं. तो यांना आता मामा म्हणत होता.

मी म्हटलं, "मी गाडीत भात टाकते, सगळ्यांनाच होईल."

म्हातारी थांबली. "आमच्या दारात येऊन तुमी आपली चूल पेटवाल? लोकं काय म्हनतील आमाला?"

विषय संपला. तांदळाची भाकर, वालाचं कालवण आणि चुलीत भाजलेला बोंबील. हे शाकाहारी नाहीत हे कळल्यावर गजाननला यांच्याबद्दल आणखीच प्रेम वाटू लागलं.

जेवल्यावर हात धुताना माझे डोळे मिटत होते. "पड गो थोडी," म्हातारी म्हणाली आणि पडवीत वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) अंथरली. मी म्हटलं, गाडीत पडते. पण पत्रा उन्हाने असा तापला होता की आत पाय ठेववेना. पाच मिनिटं टेकू, डोळा लागू द्यायचा नाही, असं मनाशी म्हणत मी वाकळीवर आडवी झाले. शाळेत मी मुलींना शिवण शिकवायची, त्यामुळे तिचे टाके बघत राहिले. बारीक, सरळ, ओळीने गेलेले. त्यांच्याकडे बघता बघताच झोप लागली असणार.

जागी झाले ती ओली.

इतकी वर्षं ज्याच्या भीतीने मी लेकीचं घर टाळलं, ते परक्याच्या पडवीत, भर दुपारी झालं होतं. हे खळ्यावर होते. मी उठून बसले आणि वाकळीचा कोपरा हातात धरून तशीच राहिले. पळून जावं तर नेसूचं भिजलेलं. म्हातारी दारात आली. तिने मला पाहिलं, वाकळ पाहिली, आत गेली आणि आपलं धुतलेलं लुगडं घेऊन आली.

"हे नेस. वाकळ दे इकडं."

"मी धुते," मी म्हटलं. "मला माफ करा. मला हा आजार आहे."

"आजार कसला त्यात? माझं पन असंच. चवथ्या बाळंतपनापासनं."

ओढ्यावर आम्ही दोघी गेलो. वाकळ भिजली की किती जड होते ते मला तेव्हा कळलं. दोन टोकं दोघींनी धरून पिळली. मी विचारलं, "घरात माहीत आहे?"

"न माहीत व्हायला काय? सून रोज उन्हात टाकते नि वाकळ."

"आणि पाहुण्यांकडे? कुणाकडे राहायला गेलात तर?"

"लेकीकडं जाते नि. भातं झाली का जाते, म्हयनाभर राहते."

"लाज नाही वाटत?"

तिने पिळा झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला काही वेडगळ विचारल्यासारखं तिला वाटलं असावं. "लेक माझी," ती म्हणाली. "तिचं मी किती वरसं धुतलं? आता तिनं माझं धुतलं तर काय झिजंल ती?"

वाकळ कुडाच्या कुंपणावर, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी वाळत पडली. गजाननने ती पाहिली, हात धुतले आणि चहा मागितला. जगात दुसरं काहीही झालं नाही. मला फार रडू आलं, पण ते सुटल्यासारखं रडू होतं.

रात्री मी आतच झोपले, म्हातारीच्या शेजारी. हे एकटे गाडीत. सकाळी निघताना म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि यांना सांगितलं, "आता खळं बघून गाडी लाव रे बाबा."

टोकावड्याला ढाब्यावर चहाला थांबलो. समोर घाटाकडे जाणारी एसटी उभी होती आणि पलीकडे डोंगराची भिंत निळी दिसत होती. यांनी नकाशा उघडला. "कोल्हापूर आधी की पुळे?"

मी म्हटलं, "गाडी नको घ्यायला."

हे नकाशाची घडी घालायला लागले, ती काही केल्या नीट पडेना.

"तुलाच हवी होती ना?" मग हे म्हणाले. "गाडी नसली तर तू पुन्हा घरात बसशील."

"गाडीत मला कुणाची लाज वाटणार नाही," मी म्हटलं, "पण गाडीत कुणी असणारही नाही. तुम्ही इतकी छान जागा शोधलीत मला लपायला. पण मला मीनाकडे वर झोपायचंय, इमारतीखाली नाही."

"जमेल?"

"माहीत नाही. पण जाते."

यांनी माझा हात धरला, टोकावड्याच्या भर ढाब्यावर, एसटीतल्या सगळ्या खिडक्यांसमोर. असले प्रकार आमच्या घरात होत नाहीत. मुरबाड येईपर्यंत मधूनच हे डॅशबोर्डवरून हात फिरवत होते. यांना ती गाडी मनापासून आवडली होती, नुसती माझ्यासाठी नव्हे, आणि ते पाहून मला वाईट वाटत होतं.

कल्याणला पेठे गॅरेजाच्या दारातच उभे होते. "काय ठरलं?" यांनी किल्ली पुढे केली. "गाडी उत्तम आहे," हे म्हणाले. "नळ तेवढा बघा." पेठ्यांना उत्तर कळलं. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. काचेच्या खोलीचं दार पुरतं लागत नव्हतं, बाहेर दोघे जण आपल्या पाळीची वाट बघत होते. मीनानेच फोन उचलला.

"शनिवारी येते," मी म्हटलं. "राहायला."

"राहायला?"

"हो. आणि हे बघ, गादीवर काहीतरी प्लॅस्टिक घालावं लागेल. मला झोपेत..." पुढचं बोलता येईना. बाहेरच्या माणसांकडे पाठ केली तरी येईना.

लाइन तुटली असं वाटून मी 'हॅलो' म्हणणार, तेवढ्यात ती बोलली.

"आई, मी माहेरी येते तेव्हा रोज सकाळी दोरीवर तुझीच चादर असते. मला दिसत नाही का? आतल्या खोलीतल्या पलंगावर प्लॅस्टिक घालून ठेवलंय. हे घर घेतलं तेव्हापासून घातलेलंच आहे. तू ये फक्त."