शेवटचे तीन मिलिमीटर

लहानू ढोमणे यांचं भांडण माणसांशी क्वचितच व्हायचं. त्यांचं भांडण पुस्तकांशी असायचं. मुलगी राधिका सातवीत गेली तेव्हा सदर बाजारातल्या दुकानात तिच्या इतिहासाच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून ते जोरात म्हणाले, "पाच हजार वर्षांपासून सुरू! अन् त्याच्या आधी का दुकान बंद होतं?" गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. बायको सुशीलाने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि पिशवीत टाकलं.

हा राग जुना होता. लहानू मूळचे तुमसरचे. वडील रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ ठोकणारे. विसाव्या वर्षी लहानू रायपूरला आले आणि खनिज खात्याच्या कार्यालयात ट्रेसर म्हणून लागले. साहेबलोकांनी आणलेल्या नकाशांवर पातळ कापड पसरायचं आणि शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे काम. पिवळा रंग म्हणजे चुनखडीचा दगड, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग एका उन्हाळ्यात खात्यातले भूवैज्ञानिक श्रीपाद साहेब त्यांना फीत धरायला म्हणून नदीच्या कोरड्या पात्रात घेऊन गेले. तिथल्या दगडावर गोल गोल पदर होते, पत्ताकोबी मधोमध कापल्यासारखे. लहानूंनी बोट फिरवून विचारलं, "हे कोणी कोरलं, साहेब?"

"कोरलं नाही, बांधलं," श्रीपाद साहेब म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांनी. तू उभा आहेस ना, इथे उथळ समुद्र होता. शंभर कोटी वर्षं झाली."

दुसरा कोणी असता तर त्याला नवल वाटलं असतं. लहानूंना नवल वाटलं, पण त्याच्या पाठोपाठ संताप आला. अकरा वर्षं शाळेत गेलो, राजांची नावं पाठ केली, छड्या खाल्ल्या, आणि हे एकानेही सांगितलं नाही? रायपूरच्या घराघरात ह्याच दगडाची फर्शी. बाया रोज तिच्यावर पोछा मारतात. "मले हे काहून नाही सांगितलं कोणी?" असं ते परतीच्या जीपमध्ये तीनदा म्हणाले. श्रीपाद साहेब हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांना एक जाड हिंदी पुस्तक आणून दिलं. ते संपलं, मग दुसरं. विश्व केव्हा सुरू झालं, तारे कसे पेटले, सूर्य किती उशिरा आला, माणूस त्याहून किती उशिरा आला, हे सगळं लहानूंनी नकाशा उतरवावा तसं मनात उतरवून घेतलं.

वर्षं गेली. रायपूर राजधानी झालं. कार्यालयाचं नाव मोठं झालं, टेबलांवर संगणक आले, शाईच्या बाटल्या वाळल्या. पुढे कार्यालयही शहराबाहेर वसवलेल्या 'नवा रायपूर' ह्या नव्या राजधानीत गेलं. लहानू रोज तासभर बस धरून जायचे, शेवटची काही वर्षं दुसऱ्याने काढलेल्या नकाशांतल्या चुका दाखवायचे, आणि एक दिवस निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी सुशीला गेली होती. राधिका शाळेत शिकवत होती. घरात बापलेक दोघंच.

निवृत्तीला दोन वर्षं झाली तेव्हा नवा रायपुरातल्या एका नव्या बागेच्या समितीने त्यांना बोलावलं. बागेला लांबलचक भिंत होती. तिच्यावर 'विश्व का इतिहास' रंगवायचा होता, आणि खात्यातल्या जुन्या कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं.

लहानूंनी आधी भिंत मोजली. एकशे एक्केचाळीस मीटर भरली. त्यांनी ती पुन्हा एकदा मोजली. विश्वाचं वय तेराशे ऐंशी कोटी वर्षं. एक मीटरला दहा कोटी धरली तर एकशे अडतीस मीटर, आणि वरचे तीन मीटर नाव-गाव लिहायला. भिंत जणू कोणी मापाने बांधली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी राधिकेला सांगितलं, "पोट्टे, मले जिंदगीत पहिल्यांदा बरोबर मापाचा कागद भेटला."

"पण बाबा, धूप में मत खड़े रहना," राधिका म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

पाच महिने काम चाललं. प्लास्टर आणि घोटाई करायला अभनपूरकडच्या एका गावातली गोदावरी होती, पन्नाशीची, थापीवर जबरदस्त हात. सुरुवातीला मापाची पाटी, मग पहिले नव्वद मीटर काळे, त्यात ताऱ्यांचे ठिपके, आकाशगंगांचे भोवरे. ब्याण्णवाव्या मीटरच्या जरा पुढे सूर्य आणि पृथ्वी. आणखी दहा मीटरवर पहिला जीव. एकशे अठ्ठावीसाव्या मीटरला लहानूंनी रंग वापरला नाही. खदानीतल्या फुटक्या फर्श्यांच्या ढिगात आठ दिवस शोधून त्यांनी पत्ताकोबीच्या पदरांचा एक दगड मिळवला होता. तो गोदावरीने भिंतीत असा बसवला की सांधा दिसू नये. डायनासोर संपले ते शेवटापासून सहासष्ट सेंटिमीटरवर. आणि अगदी टोकाला, शाईच्या पेनाने, तीन मिलिमीटरची एक लाल पट्टी.

"ये का हे, बाबूजी?" गोदावरीने विचारलं.

"हे आपण. माणूस. तीन लाख वर्षं."

तिने वाकून पाहिलं. "साहब मन घलो इही मा?"

"साहेबलोकपण ह्यातच. राजे, महाराजे, तू, मी, सारे."

गोदावरी इतकी हसली की तिला थापी खाली ठेवावी लागली. मग दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्या मजुरांना बोलावून ती पट्टी दाखवत राहिली.

उद्घाटनाला बारा दिवस उरले असताना समितीचा तरुण अधिकारी अभिनव पाहायला आला. घरचा मराठी, त्याचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. भिंतीच्या बाजूने तो मोबाइलवर बोलत चालत गेला, टोकाला पोचला आणि म्हणाला, "काका, आदमी कहाँ है?"

लहानूंनी पट्टी दाखवली.

"इतना सा? और ये पूरा काला-काला? पब्लिक बोर हो जाएगी. आखिरी के चालीस मीटर आदमी को दीजिए. सभ्यता, विकास, नई राजधानी. बाकी आगे सरका दीजिए."

"सरकत नाही, साहेब. हे माप हाय."

"माप कौन देखता है?" असं म्हणून तो गाडीत बसला.

लहानूंना वाटलं, बोलून गेला, विसरेल. शनिवारी त्यांनी शेवटचा हात फिरवला. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी ते बसमधून उतरून आत गेले तेव्हा भिंतीचा शेवटचा भाग पांढरा होता. शिडीवर चार अनोळखी पेंटर उभे होते. पुरुषभर उंचीचे हसरे चेहरे, उड्डाणपूल, काचेच्या इमारती. पहिला जीव गेला होता, मासे गेले होते, डायनासोर गेले होते. एकशे अठ्ठावीसाव्या मीटरला भोक बुजवलेलं दिसत होतं. गोदावरी मलब्याच्या ढिगापाशी उभी होती. "सब्बल से निकालिन, बाबूजी," ती म्हणाली. पहारीच्या घावांनी दगडाचे तीन तुकडे झाले होते.

लहानूंनी त्यातला एक उचलला आणि तसेच, धुळीच्या हातांनी, अभिनवच्या केबिनमध्ये शिरले. तिथे चारपाच जण बसले होते. त्यांनी तुकडा काचेच्या टेबलावर ठेवला.

"काका, ये क्या है?"

"शंभर कोटी वर्षं. तुमच्या माणसानं सब्बलनं काढली."

"देखिए, आपको मानधन पूरा मिलेगा..."

"मानधनाले घाला चुलीत!" चाळीस वर्षांच्या नोकरीत लहानूंचा आवाज कधी इतका चढला नव्हता. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "भिंतीच्या सुरुवातीले तुम्ही पाटी तशीच ठेवली. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. मंग चाळीस मीटर म्हणजे किती? चारशे कोटी! चारशे कोटी वर्षांपूर्वी इथं उड्डाणपूल होता, साहेब? पृथ्वी तेव्हा धड थंड झाली नव्हती!"

कोणीतरी हसलं. त्याने लहानू अधिकच पेटले.

"हसा! मले माणूस लहान दाखवायची हौस नव्हती. वाघाले नाही मोजता आलं हे. देवमाशाले नाही आलं. तीन मिलिमीटरमध्ये राहणाऱ्या ह्या प्राण्यानं एकशे अडतीस मीटर मोजले, हीच त्याची मोठी गोष्ट. अन् मोजता आल्यावर तुम्ही लेकरांना खोटं सांगून राहिले? मले शाळेत सांगितलंच नाही. तुम्ही तर माहीत असून पुसलं!"

अभिनवने दगडाचा तुकडा टेबलाच्या कडेला सरकवला. मग फोन उचलून म्हणाला, "वो स्केल वाली पाटी हटवा दो."

पाटी काढली. भिंत तशीच राहिली. उद्घाटन झालं, फुगे सुटले. प्रवेशद्वाराच्या फलकावर मात्र 'परिकल्पना: लहानू ढोमणे' हे कायम होतं. नाव काढा म्हणून त्यांनी दोन अर्ज दिले. उत्तर आलं नाही. तेव्हा एका दुपारी ते गेले आणि खिशातल्या नाण्याने स्वतःचं नाव खरवडायला लागले. 'लहानू' गेलं, 'ढोमणे' अर्धं राहिलं, इतक्यात गार्ड धावला. त्या दिवसापासून त्यांना बागेत जायला बंदी झाली.

राधिकेने त्यांना समजावून पाहिलं. "बाबा, छोड़ दो ना. किसको फर्क पड़ता है?"

"मले पडते," ते म्हणाले आणि चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी राधिकेनेच विचारलं, "बाहर का फुटपाथ तो उनका नहीं है ना?"

नवा रायपूरचे फुटपाथ लांब, रुंद आणि रिकामे. आता रविवारी सकाळी बापलेक चुन्याची फक्की आणि फीत घेऊन बागेच्या फाटकाबाहेर उतरतात, फुटपाथवर एकशे अडतीस मीटरची रेघ आखतात आणि टप्प्याटप्प्यावर आडव्या खुणा करतात. जमेल तेव्हा गोदावरीही येते. ती फीत ओढून धरते आणि कोणी रेघेवर गाडी लावली तर तिच्या बोलीत त्याचा असा उद्धार करते की गाडी लगेच हलते. फक्कीची आडवी खूण दोन बोटं रुंद होते, म्हणजे नुसत्या रुंदीचीच पस्तीस लाख वर्षं, आणि ह्यावरूनही लहानू चिडतात. म्हणून माणसाची पट्टी ते गुडघे टेकून पेन्सिलने काढतात. पोलीस दोनदा येऊन गेले. माळी पाण्याचा पाइप मारतो. पुढच्या रविवारी रेघ पुन्हा असते.

गेल्या रविवारी एक गृहस्थ सहकुटुंब चालत शेवटापर्यंत आले. पेन्सिलीची खूण पाहून, मग मागे राहिलेल्या पृथ्वीच्या खुणेकडे हात करून म्हणाले, "गलत है अंकल. धरती तो शुरू से थी."

"कोण म्हणते?" लहानू उठले. ऊन चढलं होतं, राधिका डबा उघडून बसली होती. "चला परत. पहिल्या मीटरपासून चला."

"अरे, मान लिया अंकल..."

"मानू नका! चालून पाहा," लहानूंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना एकशे अडतीस मीटर मागे घेऊन निघाले.