उसातली टकटक

बिबट्याच्या मादीच्या गळ्यात पट्टा होता, पट्ट्यात रेडिओ होता आणि वनखात्यातर्फे तो ऐकायचं काम माझ्याकडे होतं. शहाद्याच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली की रोज सकाळी अँटेना हातात धरून मी सांगायचो, ती आज कुठल्या फडात आहे. मग मजूर तो फड सोडून दुसऱ्यात कोयता घालायचे. माझ्या शब्दावर वीस माणसं उसात शिरायची, याचा मला तेव्हा अभिमानच वाटायचा. भीती नंतर आली.

एका आठवड्यात सिग्नल एकदम क्षीण झाला. पट्ट्याचा खणखणीत आवाज जाऊन हेडफोनमध्ये नुसती बारीक टकटक उरली, सेकंदाला एक. मी सेल बदलले, अँटेना आडवी धरली, उभी धरली, पाण्याच्या टाकीवरही चढलो. टकटक तेवढीच. ओल्या उसात आवाज दबतो हे मी वाचलेलं होतं, आणि वाचलेलं असलं की माझं डोकं पुढे चालत नाही. टकटक एका गुजर काकांच्या फडाकडून येत होती, कधी या बांधावरून, कधी त्या. मी वहीत लिहिलं, ‘मादी अस्वस्थ, शेताभोवती फेऱ्या,’ आणि काकांची तोड थांबवली. मजूर शेजारच्या फडात गेले.

तिसऱ्या दिवशी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“सायेब, कारखानानी पाळी गई तर मन्हा ऊस काय तुन्हा बिबट्या तोडी?”

मला राग आला, पण यंत्रातच बिघाड असेल का, अशी शंकाही आली. गावात रेडिओ आणि मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांना मोटरसायकलवर बसवून बांधावर आणलं. लोकांच्या रेडिओतली खरखर ऐकण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि काकांना विचारलं, “आठे डुकरंसाठे झटका मशीन शे का?”

काकांनी शेताभोवतीच्या तारेकडे बोट दाखवलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून तिच्यात सेकंदा-सेकंदाला विजेचा झटका सोडलेला होता.

“बंद कर.”

काकांनी खटका दाबला. माझी अस्वस्थ मादी जागच्या जागी गायब झाली.

“भाऊ, तीन दिन तू मशीनना मांगे फिरी ऱ्हायना,” चाचा म्हणाले. काका हसून हसून बांधावरच बसले. मी काकांवर चिडलो, मशीनवर चिडलो, अख्ख्या तालुक्यातल्या डुकरांवर चिडलो.

चाचांनी तोवर अँटेनाची वायर हातात घेतली होती. रोज काम संपलं की ती मी दांड्याभोवती करकचून गुंडाळायचो, नीटनेटकेपणा म्हणून. प्लगजवळ ती आतून तुटली होती. चाचांनी वायर सोलली, पुन्हा बसवली, टेप मारला.

“आते ऐक.”

बीप इतकी मोठी वाजली की मी हेडफोन ओढून काढला. मग अँटेना फिरवली. आवाज काकांच्या फडातून येत नव्हता. तो शेजारच्या फडातून येत होता, जिथे मी मजुरांना पाठवलं होतं.

मी पळालो, पानांत अडकणारी अँटेना ओढत, “बाहेर या, बाहेर या” ओरडत. मागे चाचा पत्र्याचा डबा बडवत होते. माणसं बाहेर आली. काठी गावाकडच्या डोंगरातून आलेल्या त्या टोळीत एक थोरली बाई होती. तिचा नातू बांधावर झोळीत झोपला होता. तिने आधी झोळी उचलली, मग माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासाने आवाज नाल्याकडे सरकला. कुणाला खरचटलंही नाही, हे मी आजही स्वतःला सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झटका मशीन बंद करायला लावलं, ऐकलं आणि थाटात सांगितलं, “काकांचा फड मोकळा आहे.”

कुणी हललं नाही. थोरल्या बाईने कोयता खांद्यावर घेतला आणि उसाकडे हात केला.

“मग तू पहिला चाल.”

मी उसाकडे पाहिलं. हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि चांगली पाच मिनिटं ऐकत राहिलो.